बाळंतपणाला तिनं जायचं कुठे?

गेल्या रविवारी आमच्या घरच्या ग्रुपवर ग्रेट निकोबार बेटावर, गॅलेथिया उपसागरात होऊ घातलेल्या बंदराचा विषय निघाला. धाकट्या भाऊजींनी लिहिलं, "वहिनी, ओडिशाचं कासव गुहागरला अंडी घालून गेलं, ही बातमी तुम्हीच टाकली होती. मग निकोबारची कासवंही शोधतील की दुसरा किनारा!" खाली लगेच तीन-चार अंगठे. दोन ओळींत उत्तर देणं मला जमेना, म्हणून इथे लिहितेय.

बातमी खरी आहे. मार्च २०२१ मध्ये ओडिशातल्या गहिरमाथ्याला टॅग लावलेली ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला आली. मलाही तेव्हा फार आनंद झाला होता. पण भाऊजी, ऑलिव्ह रिडले आपल्या पूर्व-पश्चिम दोन्ही किनाऱ्यांवर अंडी घालतं. रत्नागिरीतल्या वेळासला तर २००२ पासून त्यांची घरटी राखली जातात. तिला गुहागरला मोकळी, अंधारी वाळू मिळाली म्हणून ती वर चढली. तिथे धक्का बांधलेला असता तर ती बातमीच झाली नसती.

निकोबारची गोष्ट वेगळी. गॅलेथिया उपसागरात येतं ते लेदरबॅक, जगातलं सर्वांत मोठं समुद्री कासव. पाठीवर टणक कवच नाही, चामड्यासारखी कातडी. खाणं मुख्यतः जेलीफिश. हजार मीटरच्याही खाली बुडी मारतं. भारतात त्याची विणीची जागा म्हणावी अशी अंदमान-निकोबारच उरली आहे. लिटल अंदमानच्या माद्यांना उपग्रहाचे टॅग लावले, तेव्हा काही ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याकडे गेल्या, एक थेट मोझांबिकपर्यंत पोहोचली. एवढा महासागर पालथा घालणारा जीव अंडी घालायला मात्र ठरावीक पट्ट्यातच परततो. जन्मलेल्या भागाची चुंबकीय खूण पिल्लाच्या मनात पक्की बसते, असं अभ्यासक मानतात.

माझी लेक सध्या बाळंतपणाला पंचवटीत आमच्याकडे आली आहे. कुणी तिला "यंदा दुसऱ्या कुणाच्या घरी जा" म्हणालं असतं, तर आम्ही ऐकून घेतलं असतं का?

भाऊजींचा पुढचा मुद्दाही मला ठाऊक आहे: त्सुनामीनंतर ती परत आलीच ना! आली. २००४ मध्ये गॅलेथियाचा किनारा जवळजवळ वाहून गेला, जमीनही खचली. मग पुढच्या काही वर्षांत लाटांनी वाळू परत आणून टाकली आणि त्या वाळूवर माद्या पुन्हा चढल्या. लेदरबॅक इतर कासवांइतकं एकाच किनाऱ्याला चिकटून नसतं हेही खरं, कारण त्याचे किनारे असेच मोडतात आणि पुन्हा घडतात. पण लाट वाळू नेते तशी आणतेही. बंदराची भिंत वाळूची ये-जाच बदलून टाकते. शिवाय रात्रभरचे दिवे. अंड्यातून निघालेलं पिल्लू उजेडाच्या दिशेनं धावतं, आणि समुद्राऐवजी गोदीचे दिवे चमकले तर तिकडेच जातं.

मला सगळ्यांत जास्त लागलेली गोष्ट तारखांची आहे. गॅलेथियाचं अभयारण्य १९९७ चं. ते रद्द करायला जानेवारी २०२१ मध्ये मंजुरी मिळाली. आणि त्याच महिन्यात देशाचा सागरी कासव कृती आराखडा जाहीर झाला, ज्यात ग्रेट निकोबार कासवांसाठी महत्त्वाचं ठिकाण म्हणून नोंदलं होतं.

बेटांवरच कासवांची एवढी विविधता का, हेही सांगते. भारताच्या समुद्रात पाच जातींची कासवं दिसतात, त्यातल्या चार अंदमान-निकोबारमध्ये अंडी घालतात. प्रवाळ आहे म्हणून त्यातले स्पंज खाणारं हॉक्सबिल आहे. समुद्री गवत आहे म्हणून हिरवं कासव. आणि किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर खोल पाणी, ते लेदरबॅकचं.

पण संरक्षण म्हणजे सगळं गोड, असंही नाही. लक्षद्वीपमध्ये अगत्ती बेटाच्या लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाने वेढलेल्या उथळ पाण्यात, हिरवी कासवं इतकी दाटली की त्यांनी समुद्री गवत पार खाऊन टाकलं. गवतात वाढणारे मासे कमी झाले, मच्छीमार कासवांवर चिडले. त्यांचा राग मला रास्तच वाटतो. पोट त्यांचं मारलं जातं, कौतुक मात्र आपण इथे बसून करतो. अशा वेळी त्यांचं ऐकून घेऊन उपाय शोधायला हवा.

सेशेल्सच्या अल्डाब्रा बेटावर १९६८ पासून हिरव्या कासवांना हात लावायची बंदी आहे, आणि तिथली घरटी तेव्हापासून अनेक पटींनी वाढली. अर्धशतक लागलं त्याला. वयात यायलाच कासवाला वीस-तीस वर्षं लागतात, घाई करून चालत नाही. उद्या किनारा गेला, तर चूक कळायलाही आपली एक पिढी जाईल.

आपल्याकडे देवळात शिरल्यावर गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला पाय लागू नये म्हणून आपण वळसा घालून जातो. सराफ बाजारात कासवाची अंगठी मागणारे कितीतरी भेटतात. माझ्याही कपाटात एक आहे, सासूबाईंनी दिलेली. ती श्रद्धा मी मोडा म्हणत नाही, तिच्यात निकोबारच्या वाळूलाही जागा द्या म्हणते.

बंदर देशाला हवं की नको, हे ठरवण्याइतका माझा त्यातला अभ्यास नाही. गॅलेथियाचा उपसागर त्यातून वगळा, इतकंच माझं म्हणणं आहे. भाऊजी, पुढच्या रविवारी जेवायला या. नकाशा काढून ठेवते, त्यावर बोट ठेवून तुम्हीच दाखवा तो दुसरा किनारा.