बाबागाडी म्हणजे चाकांवरचा पाळणा नव्हे

"बाबागाडी म्हणजे चाकं लावलेला पाळणा. जन्मापासून वापरा. बाळ त्यात झोपलं तर झोपू द्या. ऊन असेल तर वरून ओढणी टाका. कमरेचा पट्टा पुरे, खांद्याचे काचतात. सामान हँडलला अडकवा. ब्रेक लावला की गाडी जागची हलत नाही."

नव्या आईबाबांना हमखास पुढे पाठवला जाणारा हा सल्ला. सात वाक्यं, आणि एकही जसंच्या तसं पाळण्याजोगं नाही. पहिल्याची चूक बाकीच्या सहांमध्ये उतरली आहे, म्हणून सुरुवात दुसऱ्यापासून.

"जन्मापासून वापरा." गाडीच्या आसनाची पाठ किती मागे पडते, त्यावर आहे. नवजात बाळाला मान धरता येत नाही. त्याला अर्धवट बसतं ठेवलं की जड डोकं पुढे कलतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. अशा वेळी बाळ रडेल, धडपडेल असं नाही. गाढ झोपल्यासारखंच दिसतं. युरोपच्या ईएन 1888 या मानकात नवजात बाळासाठीच्या आसनाची पाठ आणि बैठक यांत किमान 150 अंशांचा कोन मागितला आहे. कोनमापक नको: पाठ पूर्ण पाडा, गाडीकडे बाजूने बघा, पाच वाजता घड्याळाच्या दोन काट्यांमध्ये असतं तेवढं अंतर दिसलं पाहिजे. छत्रीसारख्या मिटणाऱ्या हलक्या गाड्या बहुधा इथेच नापास होतात. त्या बाळ आधाराशिवाय बसू लागल्यावर, म्हणजे साधारण सहा महिन्यांनंतर.

"झोपलं तर झोपू द्या." फिरताना डोळा लागला तर लगेच उठवायला नको, पण चेहरा नजरेसमोर हवा. घरी पोचलं की उचलून सपाट, टणक गादीवर उताणं ठेवा. गाडीतच झोप पूर्ण होऊ देणं, तेही मोकळं वाटावं म्हणून पट्टा सोडून, हे सगळ्यात वाईट.

का, ते "कमरेचा पट्टा पुरे" या वाक्यात आहे. 2010 मध्ये ग्रॅको कंपनीने सुमारे 20 लाख बाबागाड्या परत मागवल्या. चार बाळं गळा आवळून दगावली होती. पट्टा लावलेला नसला की बाळ खाली सरकायचं, पुढचा ट्रे आणि बैठक यांच्या फटीतून धड बाहेर जायचं आणि डोकं अडकायचं. ही घसरण मुख्यतः मांड्यांमधला पट्टा थांबवतो. पुढे वाकून बाहेर पडण्यापासून खांद्याचे पट्टे वाचवतात. म्हणून पाचही टोकं लावायची: दोन खांद्यांची, दोन कमरेची, एक मांड्यांमधलं. खांद्याचा पट्टा बाळाच्या खांद्याच्या उंचीला सर्वांत जवळच्या खाचेतून ओवा आणि पट्टा व छाती यांत एक बोट जाईल इतका आवळा. काचतो तो पट्टा बहुतेक वेळा चुकीच्या खाचेतला किंवा पिळलेला असतो. दुपटं पट्ट्याच्या वरून घाला. आतून गुंडाळलं की पट्टा घट्ट भासतो आणि असतो ढिला.

"वरून ओढणी टाका." सर्वांत जास्त पाळला जाणारा आणि सर्वांत फसवा सल्ला. कापडाने ऊन अडतं खरं, पण हवाही अडते. बाळाच्या अंगाची उष्णता आतच कोंडते आणि चेहरा दिसेनासा होतो. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी 2023 मध्ये हेच मोजलं. कोरड्या कापडाने झाकल्यावर आतलं तापमान जवळपास चार अंशांपर्यंत वाढलं. पातळ सुती कापड ओलं करून, जोडीला छोटा पंखा लावल्यावर मात्र ते सुमारे पाच अंशांनी उतरलं. म्हणजे कापड वाईट नाही, कोरडं कापड वाईट. पण ओलं कापड वाळताच कोरडं होतं, त्यामुळे दर 15-20 मिनिटांनी भिजवावं लागतं. हवा दमट असेल तर पाणी उडत नाही आणि गारवाही येत नाही. तेव्हा आधी सावली आणि गाडीचं छत. कापड टाकलंच तर ओलं, एक बाजू पूर्ण उघडी. ऊब तपासायची ती मानेच्या मागे हात लावून; हातपाय गार असले म्हणून भुलू नका. उन्हात उभ्या केलेल्या गाडीचं बक्कल आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघा.

"सामान हँडलला अडकवा." इथे थोडं गणित, वजन गुणिले आसापासूनचं अंतर. गाडी मागच्या चाकांच्या आसाभोवती उलटते आणि हँडल त्या आसाच्या मागे असतं. समजा, 6 किलोच्या गाडीचा भार आसाच्या 25 सेंटिमीटर पुढे आहे: 150. बाळ 7 किलोचं, 20 सेंटिमीटर पुढे: 140. दोन्ही मिळून 290 गाडी खाली धरतात. हँडलला 6 किलोची पिशवी, 35 सेंटिमीटर मागे: 210. गाडी उभी राहते आणि आपल्याला वाटतं, काही होत नाही. आता बाळ झोपलं, पाठ मागे पाडली, त्याचा भार 8 सेंटिमीटरवर आला: 150 अधिक 56 म्हणजे 206. गाडी बाळासकट मागे. किंवा बाळाला उचलून घेतलं: उरले 150, गाडी पिशवीसकट मागे, आणि शेजारी दुसरं मूल उभं असेल तर त्याच्या अंगावर. पायरीवर पुढची चाकं उचलताना तर याहूनही कमी वजन पुरतं. सामान खालच्या टोपलीत, तेही तिच्यावर लिहिलेल्या मर्यादेत.

"ब्रेक लावला की हलत नाही." बऱ्याच गाड्यांत ब्रेक म्हणजे चाकाच्या खाचेत बसणारी खिट्टी. ती दोन खाचांमधल्या दांत्यावर टेकली तर पॅडल खाली जातं, पण चाक अडत नाही. म्हणून ब्रेक दाबल्यावर गाडी पुढेमागे ढकलून बघा. 'खट्' आवाज येऊन चाकं अडली पाहिजेत. तरीही गाडी उताराला आडवी आणि फलाटाच्या कडेला समांतर उभी करा. फलाटाचा उतार पुष्कळदा डोळ्यांना दिसतच नाही. ऑक्टोबर 2009 मध्ये मेलबर्नच्या अ‍ॅशबर्टन स्थानकावर क्षणभर हात सुटला आणि बाबागाडी घरंगळत जाऊन येणाऱ्या रेल्वेसमोर पडली. ते बाळ किरकोळ जखमांवर बचावलं, हे नशीब.

या सल्ल्यात घडीबद्दल चकार शब्द नाही. 2009 मध्येच मॅक्लॅरेन या बाबागाड्यांच्या कंपनीने अमेरिकेत सुमारे 10 लाख गाड्यांच्या बिजागऱ्यांसाठी आवरणं वाटली, कारण गाडी उघडताना-मिटताना 12 मुलांच्या बोटांची टोकं तुटली होती. उघडताना आणि मिटताना मूल हाताच्या टप्प्याबाहेर हवं. गाडी उघडल्यावर बाळाला ठेवण्याआधी हँडल जोरात खाली दाबा. सांगाडा किंचितही खचला तर कुलूप लागलेलं नाही.