नाव लागून जाईल, काळजी करू नका

पहिली जुनी मोटारसायकल घ्यायला निघालेल्या तरुणाने ओळखीचा मिस्त्री सोबत नेऊ नये, कारण तो सायलेन्सरमधून निघणाऱ्या निळ्या धुराकडे, म्हणजे इंजिन ऑइल जाळत असल्याच्या खुणेकडे, बोट दाखवून विक्रेत्याचे मन दुखावतो.

गाडी पाहण्यासाठी मे महिन्यातली भर दुपार निवडावी. तापलेले इंजिन दोष लपवते म्हणून थंड इंजिन एका किकेत सुरू होते का, हे पाहण्याची काहींना खोड असते. परंतु जळगावच्या ४४ अंशांत इंजिन उन्हाने तापले आहे की आपण येण्याआधी मालकाने ते अर्धा तास चालू ठेवले होते, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, त्यामुळे तो वादच मिटतो.

मीटरवर शंका घेऊ नये. बारा वर्षांची गाडी १८,००० किलोमीटरच चालली असेल, तर ती गुरुजींची होती आणि फक्त शाळेत जात असे, हे विक्रेता न विचारताच सांगतो. मग ब्रेकच्या पेडलावरच्या रेघा झिजून ते गुळगुळीत कसे झाले, असे विचारणे असभ्यपणाचे दिसते.

कागदपत्रांत तर मुळीच लक्ष घालू नये. मी घातले नाही. “भाऊ, नाव लागी जाई, तू फिकर नको करू,” असे म्हणत दुकानदाराने गाडी नावावर करण्याचे फॉर्म २९ आणि फॉर्म ३० माझ्या हातात ठेवले, दोन्ही कोरे आणि खाली केवळ निळ्या शाईची सही. नाव लावण्याचे म्हणून वेगळे अडीच हजार रुपये मी आनंदाने मोजले. त्यानंतर चार महिन्यांनी आरटीओच्या खिडकीवर मला कळले की आरसीवरचे, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरचे, गृहस्थ केव्हाच सुरतेला गेले आहेत, मधल्या दोन मालकांनी नाव लावण्याची तसदी घेतलेली नाही, आरसीवर कर्जाचा बोजा तसाच आहे आणि तो उतरवण्यासाठी लागणारा फॉर्म ३५ कोणाकडेच नाही. शिवाय भुसावळात कोणी तरी विना हेल्मेट फिरल्याची तीन ई-चलने थकलेली होती, ती मी भरली, कारण भरणारा दुसरा कोण होता? मोटार वाहन कायद्याचे कलम ५० सांगते की विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतर कळवावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की गाडी कितीही हातांतून गेली तरी अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जाईल. म्हणजे उद्या मी एखाद्याला धडक दिली, तर सुरतेतल्या त्या बापड्याच्या दारात नोटीस जाईल, आणि त्याला वाटत असेल की ती गाडी आपण केव्हाच विकली.

दुकानदाराकडे परवाना आहे का, हे विचारून वेळ दवडू नये. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांनी आरटीओचे अधिकृतता प्रमाणपत्र घ्यावे, हा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. माझ्या दुकानदाराच्या भिंतीवर लक्ष्मीचे कॅलेंडर होते.

आता पुरे झाले. शेटजी, अडीच हजार रुपये तुम्ही कशाचे घेतलेत? फोन उचलत नाही, उचलला तर एजंट गावाला गेला म्हणता, आणि हा एजंट चार महिने गावालाच आहे. कोऱ्या फॉर्मवर सही करून मोकळे होणारे मूळ मालकही तुमच्याइतकेच बेजबाबदार आहेत, आणि ती सही पाहून पैसे मोजणारा मी तर निव्वळ मूर्ख आहे. सोमवारी तुमचे शटर वर जाईल, तेव्हा ही गाडी त्यासमोर उभी असेल आणि तिची किल्ली माझ्या खिशात असेल.