तेल उसनं मिळत नाही, पण संध्याकाळी विचारता येतं

मायदेशातल्या आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांत, सध्या तट पडले आहेत, आणि सगळीकडची माणसं माझ्या जवळची आहेत. एका बाजूला प्रभू येशूच्या पुन्हा येण्याची तयारी हाच विषय धरून बसलेले. कुठे युद्ध पेटलं, कुठे भूकंप झाला, की बायबलच्या शेवटच्या पुस्तकातलं, प्रकटीकरणातलं, एखादं वचन जोडून निरोप येतो: वेळ थोडी उरली आहे, जागे व्हा. दुसऱ्या बाजूला याला कंटाळलेले. त्यांचं म्हणणं असं की शेवटच्या दिवसांच्या या बोलण्यानं माणसं एक तर घाबरतात, नाही तर निबर होतात. त्यापेक्षा आजूबाजूच्या गरजवंतांसाठी काही करा. त्यात २०२० पासून आणखी एक वाद मिसळला. घरबसल्या उपासना पाहायची सवय लागलेल्यांना आता चर्चमध्ये का यायचं ते कळत नाही. प्रवचन घरीही ऐकू येतं, देव प्रार्थना कुठेही ऐकतो, असं ते म्हणतात. चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांचं उत्तर बहुतेक वेळा "पूर्वी असं नव्हतं" एवढ्यावरच संपतं.

मी इंग्लंडमधल्या एका लहान मेथडिस्ट चॅपलची सभासद आहे आणि हे सगळं फोनवरून ऐकते. ऐकताना सारखं वाटतं की भांडणाऱ्या सगळ्यांनी एक गोष्ट न बोलता मान्य करून टाकली आहे: तयारी म्हणजे ज्याची त्यानं करायची. पुनरागमनाचा उपदेश करणारे सांगतात, आपापला आत्मा तपासा. सेवेचा आग्रह धरणारे तयारी हा शब्दच टाळतात. आणि घरी उपासना पाहणाऱ्यानं तर एकट्यानंच भागवायचं ठरवलं आहे. मला हे मान्य नाही. एकट्यानं तयार राहता येतं यावर माझा विश्वास नाही, आणि शास्त्रात मला तसं कुठे दिसतही नाही.

यावर दहा कुमारींचा दाखला हमखास पुढे केला जातो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला. वराला भेटायला दिवे घेऊन निघालेल्या दहा जणींपैकी पाच जणींनी बरोबर तेल घेतलं, पाच जणींनी घेतलं नाही. वराला उशीर झाला, दहाही जणींना झोप लागली, आणि मध्यरात्री हाक आली. तेल मागणाऱ्यांना उत्तर मिळालं की तुम्हाला-आम्हाला पुरणार नाही, विकणाऱ्यांकडे जा. त्या गेल्या आणि मागे दार लागलं. उपदेशक इथे थांबून सांगतात की आत्मिक तयारी कुणाकडून उसनी मिळत नाही. खरं आहे. आईच्या प्रार्थनेवर मुलाला तरून जाता येत नाही, आणि पाळकाच्या विश्वासावर मंडळीला. यातला एक शब्दही मला कमी करायचा नाही.

पण त्या दहा जणी मध्यरात्री अचानक भेटल्या नव्हत्या. त्या बरोबर निघाल्या होत्या. तेव्हा हाताशी वेळ होता, विकणाराही जागा असणार. वाटेत एखादीनं दुसरीला "तेल घेतलंस का गं?" एवढं विचारलं असतं तर? दाखल्यात याबद्दल काही नाही आणि प्रभूच्या तोंडी मी काही घालत नाही. मात्र मंडळीचं काम नेमकं कोणतं असं मला कुणी विचारलं, तर मी त्या संध्याकाळकडे बोट दाखवीन. मध्यरात्री तेल देता येत नाही. संध्याकाळी विचारता येतं.

प्रेषित पौलानंही असंच मांडलं आहे. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात प्रभूचा दिवस रात्री येणाऱ्या चोरासारखा येईल असं तो लिहितो आणि लगेच पुढे एकमेकांचं सांत्वन करा, एकमेकांची उन्नती करा असं सांगतो. तारखेचा हिशेब तो देत नाही. दुसऱ्या पत्रात कामधंदा सोडून लुडबुड करत हिंडणाऱ्यांना तर तो चांगलंच फटकारतो. इब्री लोकांस पत्रात एकत्र मिळणं सोडू नका असं म्हटलं आहे, आणि तो दिवस जसजसा जवळ दिसेल तसतसं हे अधिक करा अशी त्याला जोड आहे. शेवट जवळ आला असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनी तर इतरांपेक्षा जास्त वेळा भेटायला हवं. मी ओळखते त्यांच्यातले पुष्कळ जण मात्र मंडळीला "झोपलेली" ठरवून बाहेर पडतात. आपल्याला जाग आली असेल तर शेजारी झोपलेल्याला सोडून जायचं, हे कुठल्या वचनात बसतं?

याहून थेट पुरावा हवा असेल तर 'दिदाखे' पाहावं. पहिल्या-दुसऱ्या शतकातली ही छोटी शिकवणपुस्तिका पुढे शेकडो वर्षं हरवल्यातच जमा होती. १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये ब्रायेनिओस या ग्रीक धर्मगुरूला तिची हस्तलिखित प्रत सापडली, आणि १८८३ मध्ये ती छापून आली. तिच्या शेवटच्या प्रकरणात जागे राहा, दिवे विझू देऊ नका, प्रभू कोणत्या घटकेला येईल ते तुम्हाला ठाऊक नाही असं सांगितलं आहे, आणि लगोलग वारंवार एकत्र जमा, असं. एकत्र जमणं हाच त्या पहिल्या ख्रिस्ती लोकांचा जागं राहण्याचा मार्ग होता.

प्रभूच्या येण्याच्या तारखा सांगणाऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. विल्यम मिलरच्या अनुयायांनी अमेरिकेत २२ ऑक्टोबर १८४४ ची वाट पाहिली. काहींनी शेतातलं पीकही काढलं नाही. अमेरिकेतलेच रेडिओ-उपदेशक हॅरोल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ जाहीर केली. दोन्ही दिवस आले आणि गेले. मागे राहिलेल्या फसलेल्या, लाजलेल्या माणसांना त्यानंतर कुणी जवळ केलं, हा प्रश्न मला त्या तारखांपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

आता मी इथे काय पाहते ते सांगते. ज्या परंपरेच्या चॅपलमध्ये मी जाते, तिचा गाभा एका कर्जातून तयार झाला. १७४२ च्या फेब्रुवारीत ब्रिस्टलमध्ये मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याची मंडळी प्रार्थनागृहावरचं कर्ज कसं फेडायचं याचा विचार करत होती. फॉय नावाच्या कप्तानानं सुचवलं की प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी. गरिबांना ते जमणार नाही असा आक्षेप आला. तो म्हणाला, सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, आणि ज्यांच्याकडे नसेल त्यांचं मी भरीन. अशा बारा-बाराच्या तुकड्या पडल्या. पैसे गोळा करायला घरोघर जाणाऱ्यांना मग घरातलं दिसू लागलं. कुठे दारू होती, कुठे नवरा-बायकोचं भांडण. वेस्लीनं ओळखलं की आपल्याला इतके दिवस हवं होतं ते हेच. पुढच्या वर्षी त्यानं जे नियम छापले त्यांत तुकडीच्या पुढाऱ्याचं पहिलं कर्तव्य ठरलं: आठवड्यातून निदान एकदा प्रत्येकाला भेटायचं आणि त्याच्या जिवाचं कसं चाललं आहे हे विचारायचं. पैशाचा नंबर त्याच्या नंतर.

त्या तुकड्या आज बहुतेक ठिकाणी उरलेल्या नाहीत. चॅपलंही एकामागून एक बंद होत आहेत आणि रविवारी आमच्याकडे पांढऱ्या केसांचीच माणसं जास्त दिसतात. तरी त्या पद्धतीचा एक धागा टिकून आहे. सभासदांची यादी काही जणांत वाटून दिलेली असते आणि प्रत्येकानं आपापल्या नावांची विचारपूस ठेवायची असते. आमच्या यादीतली एक बाई, निवृत्त परिचारिका, मला एकदा बरोबर घेऊन गेली. अंथरुणाला खिळलेल्या एका वृद्ध विधुराकडे प्रभुभोजन घेऊन जायचं होतं. (हे त्याच्या परवानगीनं लिहिते आहे.)

तिच्या पेटीत द्राक्षरसाची बाटली, भाकरीची झाकणाची डबी आणि अंगठ्याएवढे तीन पेले होते. पलंगाजवळच्या ट्रेवरची औषधांची पाकिटं तिनं बाजूला केली, पांढरा रुमाल अंथरला, पेले मांडले. मग प्रार्थनेला सुरुवात न करता विचारलं, "या आठवड्यात प्रार्थना जमली का?" तो म्हणाला, नाही. प्रभूची प्रार्थना सुरू करतो आणि ऋण्यांस ऋण सोडण्याच्या ओळीशी अडतो, कारण भावाशी कित्येक वर्षं बोलणं नाही. मला वाटलं, आता ती क्षमेवर काहीतरी सांगेल. ती म्हणाली, "तिथपर्यंत तू म्हण. पुढचं मी म्हणते, तू ऐक." तसंच झालं. निघताना तिनं वहीत त्याच्या नावापुढे एकच शब्द लिहिला: भाऊ. पुढच्या भेटीत तिनं त्या भावाबद्दल विचारलं, त्याच्या पुढच्या भेटीतही. शेवटी त्यानं पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. पण त्या ओळीशी तो आता थांबत नाही.

तयारी म्हणतात ती मी त्या खोलीत पाहिली. त्याला एकट्याला ती जमत नव्हती, आणि त्याच्यासाठी ती दुसऱ्या कुणी केलीही नाही. दुसऱ्या शतकाच्या मध्याला जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकानं रोममधल्या उपासनेचं वर्णन केलं आहे. जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक भाकरी आणि पेला घेऊन जात, असं त्यात आहे. म्हणजे कोण आलेलं नाही हे त्यांना ठाऊक असे.

नव्या वर्षाच्या सुरुवातीला इथे देवाशी केलेला करार नव्यानं म्हणण्याची, कराराची उपासना असते. वेस्लीनं ती १७५५ मध्ये सुरू केली. मला कामाला लाव किंवा बाजूला ठेव, भरलेलं ठेव किंवा रिकामं ठेव, अशा अर्थाची प्रार्थना त्यात आहे. वाक्यं सगळी "मी"ची, पण सगळे उभं राहून एका आवाजात म्हणतात. "बाजूला ठेव" हे शब्द म्हणताना माझ्यासमोर दर वेळी तो पलंग येतो.

इंग्लंडचे गोडवे गाणं हा माझा हेतू नाही. इथे दार वाजवण्याआधी फोन करावा लागतो, आणि बरेच जण "मी ठीक आहे" म्हणून तो फोन ठेवतात. माणूस आठवडेच्या आठवडे दिसला नाही तरी त्याच्या खासगीपणाचा मान म्हणून कुणी विचारत नाही, असंही होतं. त्या मानानं तिकडे आपल्याकडे घरोघरच्या प्रार्थना सभा आहेत, न सांगता येऊन बसणाऱ्या मावश्या आहेत, भगिनी मंडळ आहे. आजारपणात आणि मरणात माणूस एकटा पडत नाही. हे धन किती मोठं आहे ते इथे आल्यावर कळतं.

पण त्याच मावशीला सांगितलेली गोष्ट रविवारपर्यंत सगळ्यांना ठाऊक होते, हेही आपण जाणतो. "का आला नाहीत?" या प्रश्नात काळजी किती आणि हजेरी किती, हे विचारल्या जाणाऱ्याला बरोबर कळतं. पंचांच्या निवडणुकीत कोण कुणाच्या गटाचं यावर भेटी ठरतात, मिळकतीच्या वादातून माणसं कोर्टात जातात. तरुण मुलं पडद्यावरच्या उपासनेकडे वळली त्यामागे आळसच असेल असं मला वाटत नाही. तिथे कुणी त्यांच्याविषयी बोलत नाही, हा मोठा दिलासा त्यांना मिळतो. आजाऱ्यांसाठी आणि दूर राहणाऱ्यांसाठी ते प्रक्षेपण चालू राहायलाच हवं. मीही कधी कधी पाहते आणि मराठी गीतं ऐकून मन भरून येतं. पण मी ते पाहिलं नाही तर तिकडे कुणाला कळत नाही. तिथे माझी जागा रिकामी पडत नाही.

सेवा की प्रार्थना, या भांडणाबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे की मराठी मंडळीनं ते करूच नये, कारण आपल्यासमोर पंडिता रमाबाई आहेत. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचवलेल्या मुली होत्या. १९०५ मध्ये त्या तिथे गटागटानं प्रार्थना करत होत्या आणि आत्मिक जागृती आली. त्याच ठिकाणी शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता. रमाबाईंनी मूळ भाषांतून केलेलं मराठी बायबल मुक्तीच्याच छापखान्यात छापलं गेलं. अमुक काम आत्मिक आणि तमुक सामाजिक, अशी वाटणी तिथे नव्हती. ज्या मत्तयाच्या अध्यायात दिव्यांचा दाखला आहे, त्याच अध्यायाच्या शेवटी भुकेल्याला अन्न आणि बंदिवानाला भेट आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. पंचांच्या पुढच्या बैठकीत प्रक्षेपण बंद करायचं की चालू ठेवायचं यावर वेळ घालवण्याऐवजी सभासदांची यादी समोर घ्यावी आणि दहा-बारा नावांचे गट पाडावेत. प्रत्येक गटाला एक माणूस द्यावा, शक्यतो पंच नसलेला, आणि निदान अर्ध्या गटांना बाई द्यावी. त्यानं किंवा तिनं दर आठवड्याला प्रत्येकाला भेटून जिवाचं कसं चाललं आहे हा एकच प्रश्न विचारावा, आणि ऐकलेलं बाहेर बोलणार नाही असं मंडळीसमोर वचन द्यावं. वचन मोडलं तर काम काढून घ्यावं, मग ती व्यक्ती कितीही मानाची असो. जे फक्त घरून पाहतात त्यांचीही नावं यादीत असावीत, परदेशी गेलेल्यांचीही. आणि पाळकसाहेबांना हा प्रश्न कोण विचारणार, ते त्याच बैठकीत ठरवावं, कारण सगळ्यांना विचारणाऱ्या त्या माणसाला बहुतेक मंडळ्यांत कुणीच विचारत नाही.