बाबांचा अंगठा

आज सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज. "हल्लीच्या मुलांना आई-वडील जड झालेत." खाली हात जोडणाऱ्यांची रांग. मी तो वाचला तेव्हा बँकेत होते, एका हाताने बाबांचं मनगट धरून.

नोव्हेंबर म्हणजे पेन्शन चालू राहावी म्हणून द्यायचा हयातीचा दाखला. बाबा माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. लोखंड हाताळून बोटांच्या रेषा झिजल्या, त्यात आता पार्किन्सन. हात थरथरतो, मशीन अंगठा घेत नाही. पाच वेळा पुसून लावला. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काकांना उद्या आणा." उद्या! डोंबिवलीत वॉकरवाल्या माणसाला रिक्षात चढवून आणायचं म्हणजे काय, ते त्याने एकदा करून बघावं. तेवढ्यात शाळेतून फोन, लेकीच्या पालकसभेला कोणी आलं नाही. नववी आहे, गणित कच्चं राहिलंय, "पालकांनी लक्ष द्यायला हवं." ऑफिसात मी दोन तासांत येते म्हणून सांगितलेलं.

आई-वडिलांना वाऱ्यावर सोडलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, असा कायदा २००७ पासून आहे. असायलाच हवा. पण जे सोडत नाहीत त्यांचं काय? केंद्र सरकारी नोकरीत बायकांना मुलांसाठी ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. म्हाताऱ्या आई-बापासाठी अशी वेगळी रजा तिथेही नाही. मग आम्हा खासगीवाल्यांना कोण विचारतो? बाबांना न्यूरोकडे न्यायचं म्हणून मी वर्षभरात तीनदा स्वतःला खोटा ताप आणलाय. मला खोटं बोलायला लावतात हे लोक!

हो, आश्रमात ठेवून वर्षभर न फिरकणारेही असतात, माहितेय. माझा भाऊ बंगळुरूहून दर महिन्याला पैसे पाठवतो, तेही खरं. रात्री अडीचला बाबांना बाथरूमला नेताना तो नसतो.

आणि हा सगळा राग मी काढला कोणावर? बाबांवर. सगळ्यांसमोर ओरडले, "जरा नीट दाबा ना अंगठा!" ते काही बोलले नाहीत. अंगठा शर्टाला पुसत राहिले. रिक्षात बसल्यावरही पुसतच होते. दुपारपासून दुसरं काही डोळ्यांसमोर येत नाहीये.

मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय २०२१ पासून आहे, हे संध्याकाळी लेकीने शोधून काढलं. बँकेत कोणी एका शब्दाने सांगितलं नाही. त्यात डोळ्यांची उघडझाप करावी लागते आणि या आजारात पापणी लवकर लवत नाही. तर ही बाबांसमोर मांडी घालून बसली. "आजोबा, माझ्याकडे बघा. मी मिटले की तुम्ही मिटा." किती तरी वेळ दोघं एकमेकांकडे बघून डोळे मिटत होते.

साडेनऊला दाखला झाला. बाबा आता झोपलेत. ती आत्ता गणिताची वही घेऊन माझ्या शेजारी येऊन बसलीय.