ब्रेक पाइप बदलू नका, उगाच गाडी थांबायला लागेल

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, पिकअपच्या खाली वाकून कधीच बघायचं नाही. खाली बघितलं की खर्च दिसतो. वर बघा, वर किती भारी दिसतंय, नवीन प्रेशर हॉर्न, केबिनवर लायटिंगची माळ, काचेवर 'आईवडिलांची पुण्याई', बंपरला काळी बाहुली आणि दर शनिवारी ताजं लिंबू-मिरची. एवढं सगळं केल्यावर त्या चिखलात माखलेल्या बोटाएवढ्या रबरी नळ्यांवर कशाला पैसे घालायचे, त्या दिसणारेत कुणाला? वरातीत गाडी उभी असताना आजवर कुणी विचारलंय का की काय राव, होज पाइप कुठला टाकला?

आमच्या तात्यांचं उदाहरण घ्या. नारायणगावला टोमॅटो भरायचा आणि माळशेजने कल्याणला उतरवायचा हा धंदा, गाडी जुनी, कागदावर माल १३०० किलो, म्हणजे २० किलोचे ६५ क्रेट झाले. तात्या १२० भरतात. विचारलं तर म्हणतात, "गाडी ओढती ना?" ओढते की, ओढण्याबद्दल कुणी शंकाच घेतली नाहीये. पण गाडीसकट ते चार टन होतात, आणि चार टन समजा पाचशे मीटर खाली उतरवायचे आणि सगळा भार ब्रेकवरच टाकायचा तर त्यातून निघणाऱ्या उष्णतेवर साठेक लिटर गार पाणी उकळेल. अख्ख्या घराच्या आंघोळी होतील. फक्त हा बंब चार चाकांच्या आत पेटलेला असतो आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर तुमची ती रबरी नळी लोंबकळत असते.

म्हणून घाट सुरू झाला की पहिलं काम, न्यूट्रल. डिझेल वाचतं. खरं तर गिअरमध्ये ठेवून रेसवरचा पाय काढला तरी उताराला डिझेल जवळजवळ बंदच होतं, पण हे मिस्त्री लोकांचं सांगणं झालं, त्यांना काय कळतंय. आणि तुमचा दम मोठा असेल तर इंजिनच बंद करा ना, अजून वाचेल. ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम इंजिनावर चालणाऱ्या पंपातून येतो, त्यामुळे इंजिन बंद केल्यावर दोन-तीनदा ब्रेक दाबला की पेडल दगडासारखं होतं, पण तेवढाच पायाला व्यायाम.

आता ब्रेक ऑइल, म्हणजे पायाचा जोर पाइपातून चाकापर्यंत नेणारं तेल. हे आयुष्यात एकदाच टाकायचं असतं, शोरूमवाल्यांनी टाकून दिलंय ते. डबीत कमी झालं तर समजायचं की उन्हाने उडालं, लिकेज वगैरे मनात आणायचं नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं म्हणतात, आणि आपल्याकडे जुन्नर-माळशेज पट्ट्यात पावसाळ्यात हवा कमी आणि पाणीच जास्त. नवीन डॉट ३ प्रतीचं ब्रेक ऑइल २०५ डिग्रीच्या खाली उकळत नाही, त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की तेच १४० ला उकळू शकतं. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि दाबली जाणारी गोष्ट पाइपात असली की पेडल थेट पत्र्याला टेकतं आणि चाकाला खबरच लागत नाही. याची मजा अशी की खाली जाऊन अर्धा तास उभं राहिलात, भजी खाल्ली, चहा घेतला, की सगळं गार होऊन ब्रेक परत लागतो. मग मिस्त्रीला दाखवायला गेलं की तो म्हणणार ब्रेक तर चांगलाय! आणि तुम्ही खोटे पडणार. म्हणून दाखवूच नका.

तात्यांनी एकदा वाटेत ऑइल कमी दिसलं म्हणून कॅनमधलं इंजिन ऑइल ओतलं. ऑइल ते ऑइल, त्यात काय जातपात करायची. आठ दिवसांनी मास्टर सिलेंडरचे, म्हणजे पेडलजवळच्या ऑइल ढकलणाऱ्या पंपाचे, रबरी कप भिजलेल्या वाटाण्यासारखे टम्म फुगले, चाकातल्या व्हील सिलेंडरचे पण, होजपण गेले, ब्रेक लागला तो सुटेचना. एका फटक्यात सगळी रबरं बदलायला लागली. बघा, एरवी ज्या कामाला दहा वर्षं मुहूर्त लागला नव्हता ते एका लिटरात मार्गी लागलं.

लिकेज ओळखायचंच असेल तर सोपी खूण आहे, ब्रेक ऑइल जिथे सांडतं तिथला रंग उठतो. आमच्या गाडीला मास्टर सिलेंडरखाली असा हाताएवढा पट्टा उठला होता, तात्यांनी त्यावर छान स्टिकर लावलं. झाला विषय.

तरी समजा पाइप फुटलाच. घाबरायचं कारण नाही, आपल्याकडे 'चाक बंद करून देतो' नावाची सोय आहे. फुटलेला पाइप पक्कडीने चेपायचा, दुमडायचा, किंवा युनियनमध्ये, म्हणजे पाइपाच्या जोडात, सायकलचा छर्रा टाकून नट आवळायचा, ऑइल जायचं थांबलं, दहा मिनिटांत गाडी रस्त्यावर. आता पुढचं डावं चाक बंद केलंय म्हणजे ब्रेक मारला की गाडी उजवीकडे झुकणार, समोरून एसटी येते ती उजवीकडूनच, पण सवय होते हो माणसाला. आमच्या गाडीला ही 'दोन दिवसांची' सोय दोन वर्षं होती. तात्या ब्रेक दाबताना आपोआप स्टेअरिंग डावीकडे ओढायचे, इतकं की दुसऱ्या कुणाच्या चांगल्या गाडीवर बसले की ब्रेक मारल्यावर गटारात जायचे.

पाइप बदलायचाच हट्ट असेल तर मग स्वस्तात उरका. ओरिजिनल लोखंडी पाइप दुपदरी असतो, आत तांब्याने जोडलेला, मारही सोसतो. तो कशाला, फ्रिज रिपेरीवाल्याकडे तांब्याची नळी मिळते की, हाताने वाकते, दिसायला सोन्यासारखी. तांबं थरथर सोसत नाही, हळूहळू कडक होतं आणि एक दिवस कडेने चिरतं, पण तो दिवस आज नाहीये ना? तोंडाला डबल फ्लेअर, म्हणजे फुलवलेली दुहेरी कड, मारायचा कंटाळा आला तर सिंगल मारा. आणि फ्लेअर नट खोलायला तो खास खाचेचा पाइप पाना असतो त्याच्या नादी लागू नका, साध्या दहाच्या पान्याने जोर लावा, नटाचे कोपरे उडाले की पक्कड, पक्कड घसरली की छिन्नी, छिन्नी बसली की नटासोबत व्हील सिलेंडरपण नवीन. दुकानदारालाही पोरंबाळं आहेत.

होज पाइपचं जरा सविस्तर सांगतो कारण इथेच लोक फसतात. हा पाइप बाहेरून फुटला तर बरं, कळतं तरी. पण तो आतून सुजतो. बाहेरून तुकतुकीत आणि आतलं भोक सुईएवढं. पायाच्या जोराने ऑइल चाकाकडे जातं, पण परत यायला जोर नसतो, त्यामुळे ब्रेक धरून राहतो, चाक तापतं, जळका वास येतो, ॲव्हरेज पडतं. यावर उपाय म्हणून आम्ही क्रमाने बेअरिंग बदललं, ब्रेकचे लायनर बदलले, ग्रीस बदललं, एक मिस्त्री बदलला, आणि शेवटी गाडीवरून नारळ ओवाळून फोडला. होज तेवढा बदलला नाही, कारण तो चांगला दिसत होता! आणि पुढचे दोन तरी दिसतात, मागे ॲक्सलच्या हाउसिंगच्या वर एक तिसरा असतो, तो गाडी घेतल्यापासून कुणीच बघितलेला नाही, त्याच्यावरचा चिखल पहिल्या मालकाच्या गावचा आहे.

आणि बसवताना पीळ पडला तर पडू दे. स्टेअरिंग दोन्हीकडे फुल मारून होज टायरला घासतो का ते बघायचं म्हणे. घासत असेल तर बाइंडिंग वायरने बांधा, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळा. होज जागेवर धरणाऱ्या क्लिपा फेकून द्या, त्या कंपनीला उगाच उरल्या होत्या म्हणून लावल्यात.

मग पाइपात अडकलेली हवा काढायची. गॅरेजातलं बारकं पोरगं सीटवर बसवायचं आणि खालून ओरडायचं, "मार... मार... धर! सोडू नको!" ते पोरगं मोबाइल बघत बरोबर चुकीच्या वेळी पाय सोडणार आणि चाकामागच्या हवा काढायच्या निप्पलमधून हवा परत आत. नियम म्हणजे सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात, म्हणजे आपल्या उजव्या स्टेअरिंगच्या गाडीत मागचं डावं, पण तिकडे गॅरेजच्या गटाराचं पाणी साचलेलं असतं, तेव्हा जवळच्यापासून करा आणि मागच्याला पोचेपर्यंत कंटाळा येऊ द्या. निघालेलं काळं ऑइल बनियनच्या फडक्यातून गाळून परत डबीत. वाया काही घालवायचं नाही.

राहता राहिलं पासिंग, म्हणजे गाडीची सरकारी फिटनेस तपासणी. त्यासाठी टायर भाड्याने मिळतात, ब्रेक पाइप अजून मिळत नाहीत, ही या राज्यातली मोठी उणीव आहे. तिच्यापायीच गेल्या महिन्यात तात्यांना नाइलाज झाला आणि पाइप, होज, ऑइल सगळं एकदम नवीन घालावं लागलं. बंद केलेलं चाकपण चालू झालं. मिस्त्रीने फिरवून दाखवली, म्हणाला, "तात्या, आता पंपिंग मारायचं नाही बरं का, एकदाच दाबायचं."

तात्यांना तीनदा दाबायची सवय. ओतूरच्या पुढे कुत्रं आडवं आलं, त्यांनी नेहमीसारखा पहिलाच दणकून दाबला आणि गाडी जागच्या जागी उभी. कुत्रं वाचलं. मागचे क्रेट मात्र पुढे येऊन केबिनवर बसले, वरची रांग रस्त्यावर, कल्याणला व्यापाऱ्याने चेपून लाल चिखल झालेला माल बघून भाव पाडला. तेव्हापासून तात्या भेटेल त्याला सांगत सुटलेत, ब्रेकचं काम करू नका, टोमॅटोचं लय नुकसान होतं.