गाडी उभीच हाय की!

"काय ओ, गाडी उभीच हाय की!"

गेल्या रविवारी पुण्याबाहेर बाइकच्या शर्यतीसाठीच्या एका डर्ट ट्रॅकवर, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर, भर उन्हात, माझ्या कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकं घालून एका काकांनी हा निकाल दिला. फोटोत बाइक जमिनीपासून चांगली पुरुषभर उंच होती. मागच्या चाकातून सुटलेली ढेकळं हवेत जागच्या जागी थिजली होती. म्हटलं, "काका, हवेत आहे ती. उभी कशी असेल?"

"मग चाकाच्या तारा कशा मोजता येत्यात? चाक फिरतंय कुठं?"

आता आली का पंचाईत. कारण तांत्रिकदृष्ट्या काका बरोबर होते, आणि तिथेच माझं डोकं फिरलं. ताशी साठच्या वेगाने जाणारी बाइक सेकंदाला साधारण सोळा-सतरा मीटर जाते. शटर, म्हणजे कॅमेऱ्याची झडप, सेकंदाच्या 1/1000 भागापुरतंच उघडं ठेवलं तर तेवढ्या वेळात ती जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर सरकते. म्हणजे सगळं स्वच्छ, सगळं थंड. गाडी जमिनीवर असेल तर ती पळतेय की पार्किंगमध्ये लावलीय, हे खरोखरच कळत नाही. म्हणून जाणकार लोक शटर मुद्दाम हळू करतात, 1/125 किंवा 1/60, आणि पॅनिंग करतात. पाय रोवायचे, कोपर बरगड्यांना चिकटवायचे आणि गाडीबरोबर कमरेतून वळत राहायचं. बटण दाबल्यावरही थांबायचं नाही. तुमचा आणि गाडीचा वेग जुळला तर गाडी स्पष्ट येते आणि ट्रॅकपलीकडचे टायर, बॅनर, माणसं यांच्या आडव्या रेघा होतात. 1/60 मध्ये गाडी वीतभरापेक्षा जास्त पुढे जाते, त्यामुळे नाही जुळला तर सगळ्याच रेघा. बहुतेक वेळा सगळ्याच रेघा.

पण त्या दिवशी एक जमला. बाइक स्पष्ट, चाकांची भिंगरी, मागचं सगळं वाहून गेलेलं. मला आतून उकळी फुटली. काकांनी पाहिलं.

"हा हललाय."

काकांची ओळख करून द्यायला हवी. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, तर्जनीत पुष्कराजाची ठसठशीत अंगठी. चिरंजीव नोव्हिस क्लासमध्ये, म्हणजे नवशिक्यांच्या गटात, धावत होते. वडिलांना त्यांचा फोटो हवा होता, फ्लेक्ससाठी. फ्लेक्सचा मजकूर सकाळीच छापखान्यात गेला होता. शर्यत दुपारी होती, पण 'हार्दिक अभिनंदन' लिहायला निकाल कशाला लागतो?

"पोराचं तोंड कुठंय यात?"

"हेल्मेट आहे ना, काका."

"ते दिसतंय मला. जरा गॉगल वर कराय सांगा की."

"पळत असताना?"

"मग काय, एक मिनिट. फोटो काढला की पुन्हा खाली."

मी हसलो, म्हणजे विषय संपला असं मला वाटलं. काकांचा विषय असा संपत नसतो. पुढच्या फेरीला ते सरळ टेपला जाऊन भिडले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "सोन्याऽऽ! गॉगल! गॉगल वर!" पलीकडचा मार्शल दचकला आणि त्याचा हात पिवळ्या झेंड्याकडे गेला. त्याला वाटलं कुणीतरी पडलं. सोन्याने मान वळवून वडिलांकडे पाहिलं. मागून दोघे त्याला ओलांडून गेले. काका परत आले ते माझ्यावरच डोळे वटारत.

"तुमच्या कॅमेऱ्याकडं बघत बसलं पोरगं. दोन नंबर गेले."

यावर मी काय बोलणार होतो?

फ्रान्समध्ये जाक आंरी लार्तीग नावाचा एक पोरसवदा, शर्यतींच्या नादी लागलेला श्रीमंत घरचा मुलगा होता. त्याने शंभराहून जास्त वर्षांपूर्वी ग्रां प्रीच्या शर्यतीत एका मोटारीचा फोटो काढला. त्या फोटोची तारीख बरीच वर्षं 1912 सांगत, पुढे अभ्यासकांनी ती 1913 वर आणली. त्या काळच्या कॅमेऱ्यात शटरची फट फिल्मच्या जागी असलेल्या काचेवरून सरकत जायची आणि हा तर गाडीबरोबर कॅमेराही फिरवत होता. परिणाम असा की मोटारीचं चाक लंबगोल होऊन पुढे झुकलंय, रस्त्याकडेचे प्रेक्षक मागे कलंडलेत आणि मोटारीचा पुढचा भाग चौकटीत मावलेलाच नाही. 1963 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने लार्तीगचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा तो साठी ओलांडून गेला होता. आज वेगाचा फोटो म्हटलं की लोक त्याच्या त्या मोटारीकडे बोट दाखवतात. मला राहून राहून वाटतं, त्या दिवशी लार्तीगच्या शेजारी आमचे काका असते तर? "चाक वाकडंय. माणसं पडायला लागलीत. आन् अर्धी गाडी कुठं गेली?" बिचाऱ्याने काच तिथेच फोडून टाकली असती.

दुपार कलली तसा धुरळा वाढला. टँकर सकाळी पाणी मारून जातो, म्हणून पहिली शर्यत चिखलात होते आणि तिसरीपासून सगळे आंधळे. चांगल्या वळणावर, जिथून गाड्या समोरून अंगावर येतात, तिथे उभं राहायला फोटोग्राफरची जाकिटं लागतात. ती जाकिटं आयोजकांच्या ओळखीतल्यांना गेली होती. एकाकडे कॅमेराच नव्हता. तो जाकीट घालून वळणावर पाठमोरा उभा राहून सेल्फी काढत होता आणि त्याच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत 'मीडिया' लिहिलेलं होतं. माझ्या सगळ्या चांगल्या फ्रेममध्ये ते 'मीडिया' आलंय. भाड्याने आणलेल्या लेन्सचं दिवसाचं भाडं मी सांगत नाही, घरातले वाचतात.

शेवटची नोव्हिस शर्यत. मी टेबलटॉपच्या, म्हणजे सपाट माथ्याच्या उंचवट्याच्या, कडेवर आधीच फोकस धरून ठेवला होता. सोन्या इथून उडणार, पाठीमागे ऊन, वर धूळ सोनेरी झालेली. पण ऐन वेळी मला ऑटोफोकसचा मोह झाला आणि बाइक कडेवर येता येता उजवीकडून एक हात फ्रेममध्ये शिरला. हातात मोबाइल, बोटात पुष्कराज. ऑटोफोकस बहुतेकदा जवळचं आधी पकडतो. मला दहा-बारा फ्रेम मिळाल्या, एकाहून एक शार्प. त्या खड्याचे पैलू मोजता येतील, अंगठीच्या सोन्यावरचा ओरखडा दिसेल, मनगटावरचा लाल दोरा कुठे विरलाय तेही कळेल. मागे दूर एक निळसर डाग आहे. तो सोन्या.

बुधवारी फ्लेक्स लागला. वर सोन्याचा फोटो होता, पार्किंगमध्ये स्टँडवर लावलेल्या बाइकवर बसलेला, हेल्मेट मांडीवर, तोंड स्वच्छ, केस विंचरलेले. काकांनी मोबाइलवर काढलेला. मागे मात्र माझा पॅनिंगचा फोटो जोडला होता, तोच 'हललेला', बाइक पुसून टाकून नुसत्या रेघा ठेवून. वॉटरमार्क, म्हणजे फोटोवरची माझ्या नावाची खूण, कापलेला. खाली शुभेच्छुकांची रांग, मामा, मेहुणे, गॅरेजवाला, चहावाला. सगळ्यांचे गोल चेहरे होते. माझं नाव नव्हतं.

हे हसण्यावारी नेता येतं आणि मी नेतोही. पण फोटो फुकट मिळतो, नाव लावायचं नसतं, 'एवढं काय त्यात, बटण तर दाबायचं' हे सगळीकडे इतकं मुरलंय की रागवायचीही सोय राहिलेली नाही. टायर बदलणाऱ्याला पैसे मिळतात, पाणी मारणाऱ्या टँकरवाल्याला मिळतात, अगदी फ्लेक्स बांधणाऱ्या पोरालाही मिळतात. फोटोवाल्याला मिळतं ते, "मस्त आलाय, पाठवा ना, बिना वॉटरमार्कचा."

काकांना फोन केला. म्हटलं, नाव तरी टाकायचं होतं.

"अहो, तुमची तर गाडीच काढून टाकावी लागली, राव. नाव कशाचं टाकायचं?" मग आवाज मऊ झाला. "त्ये जाऊद्या. पुढच्या महिन्यात पुतणीचा साखरपुडा हाय. तुम्हीच या. तिथं कोण पळत न्हाई, निवांत काढा."

मी रेट सांगितला.

"फोटोचा?" काका म्हणाले. "का लेन्सचा?"