कचरा सडवायचा की कुजवायचा?

सडणं आणि कुजणं हे आपल्या भाषेतले दोन वेगळे शब्द आहेत, आणि घरातल्या ओल्या कचऱ्याचं बरंचसं शास्त्र त्यांच्यातच आलं. हवा खेळती असली की भाजीचे देठ कुजतात, त्यांची काळी भुसभुशीत माती होते. हवा कोंडली की तेच देठ सडतात, काळं पाणी सुटतं, घाण वास येतो आणि मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट जास्त तापमानवाढ करतो. रात्रीचं खरकटं आपण काळ्या पिशवीत भरतो, वर घट्ट गाठ मारतो आणि सकाळी घंटागाडीत टाकतो. त्या गाठीनेच सडण्याची सगळी सोय करून दिलेली असते.

त्यामुळे माझं ठाम मत असं आहे की घरातला ओला कचरा शक्यतो उंबऱ्याबाहेर जाऊच नये. आमच्या नाशिकमध्ये पाथर्डीला महापालिकेचा खतप्रकल्प आहे, घंटागाडी दारात येते, हे सगळं मान्य. पण वाटीभर आमटी रद्दीवर सांडली की ती रद्दी भंगारात विकली जात नाही, आणि पुढे कुठलंही यंत्र ती पुन्हा कोरडी करून देत नाही. वेगळं करायची जागा ओट्याजवळच आहे. ओलं घरात जिरलं की उरलेला कचरा कोरडा राहतो, त्याला वास येत नाही आणि तो रोज बाहेर काढायचीही गरज उरत नाही.

चार माणसांच्या घरात दिवसाला साधारण किलोभर ओला कचरा निघतो. त्याला ४० ते ५० लिटरचे दोन झाकणाचे ड्रम पुरतात. एक भरेपर्यंत दुसऱ्यातलं खत तयार होत असतं. ड्रमच्या चारही बाजूंना चार-चार इंचांवर ८ मिलिमीटरची भोकं पाडा, तळाला पाच-सहा. भोकांना आतून बारीक जाळी लावा. ड्रम दोन विटांवर ठेवा आणि खाली ताट ठेवा. तळाशी तीन इंच नारळाच्या शेंड्या किंवा जाड काटक्या, त्यावर वाळका पाला, त्यावर दोन मुठी जुनं शेणखत. शेणखत मिळालं नाही तर आंबट ताक शिंपडा, चालतं.

मग रोजचा क्रम. कचरा बोटाच्या पेराएवढा चिरायचा, निथळायचा आणि ड्रममध्ये टाकायचा. जेवढं भांडं ओलं, तेवढंच भांडं वाळकं वर पसरायचं: चुरलेला पाला, लाकडाचा भुसा किंवा कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. ओलं उघडं दिसता कामा नये. कलिंगड, काकडी, दुधी असं पाणीदार काही असेल तर वाळकं दुप्पट. आठवड्यातून दोनदा काठीने तळापर्यंत हलवायचं. बहुतेक लोक नेमकं हेच सोडून देतात आणि महिन्याने म्हणतात, वास येतो म्हणून बंद केलं.

ओलावा तपासायला मूठभर माल घेऊन दाबा. बोटांतून थेंब-दोन थेंबच आले तर बरोबर आहे. धार लागली तर पाणी जास्त, गोळाच झाला नाही तर पाणी कमी. कुजक्या अंड्यासारखा किंवा आंबूस वास म्हणजे आत हवा नाही, तेव्हा सगळं उकरून भुसा मिसळा. डोळ्यांना झोंबणारा, अमोनियासारखा वास म्हणजे हिरवं जास्त झालं, पाला वाढवा. मुंग्या लागल्या म्हणजे माल सुकला, पाणी शिंपडा. जाड्या करड्या अळ्या दिसल्या की अर्धे लोक ड्रम फेकून देतात. त्या बहुधा काळ्या सोल्जर माशीच्या असतात, कचरा झपाट्याने खातात आणि आपल्याला काही करत नाहीत. नको असतील तर वाळकं वाढवा, कमी होतील.

नाशिकचे ऋतूही ध्यानात घ्यायला हवेत. द्राक्षांच्या हंगामात दबलेले मणी आणि घड वर ठेवले की चिलटांचा ढग उठतो, ते दोन इंच खाली पुरायचे. कांद्याची वरची कागदासारखी साल हे फुकटचं वाळकं साहित्य आहे, वेगळी साठवा. पावसाळ्यात सडलेला कांदा मात्र चिरून थोडाथोडाच टाका. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत कुजणं अगदी मंदावतं. ड्रम उन्हाच्या बाजूला सरकवा, कचरा आणखी बारीक चिरा आणि ४५ दिवसांचं काम ७० दिवसांवर गेलं तर घाबरू नका.

काय टाकू नये, हेही सांगतो. हाडं, मासे, तळणीचं तेल नको. खरकटं चालतं, पण मीठ-तेल चाळणीत धुऊन, तेही मूठभरच. चहाचा चोथा साखर-दूध धुऊन टाका. आंब्याची कोय आणि करवंटी वर्षभर तशीच राहते. कुत्र्या-मांजराची विष्ठा अजिबात नको. ढीग लहान असल्यामुळे घरच्या ड्रमचं तापमान मोठ्या प्रकल्पासारखं ५५ अंशांवर टिकत नाही, त्यामुळे रोगजंतू मरतीलच याची खात्री नसते. टोमॅटोचं बी खतातून उगवून येतं ते याच कारणाने. आणि ‘कंपोस्टेबल’, म्हणजे कुजून खत होणारी, असं छापलेल्या बहुतेक पिशव्या मोठ्या प्रकल्पातल्या उष्णतेसाठी बनवलेल्या असतात, घरच्या ड्रममध्ये त्या महिनोन्महिने तशाच राहतात.

निर्माल्याचं वेगळं सांगायला हवं, कारण ते गोदावरीत सोडण्याची सवय अजून सुटलेली नाही. झेंडू, शेवंती, बेल, दूर्वा हा खतासाठी उत्तम माल आहे. पाण्यात तो कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो आणि त्याची झळ माशांना लागते. हाराचा दोरा मात्र आधी काढायलाच हवा. हल्ली तो बहुतेक नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा असतो, हलवायच्या काठीला गुंडाळतो आणि खतात आहे तसा सापडतो. जरीच्या पट्ट्या, टाचण्या, प्लॅस्टिकची पानं हेही हाताने वेचा. देवाला वाहिलेलं फूल तुळशीच्या कुंडीत खत होऊन परत आलं, तर त्यात कमीपणा कसला?

सुक्या कचऱ्यात सगळ्यात जास्त दुर्लक्ष दुधाच्या पिशवीकडे होतं. ही पिशवी एकाच जातीच्या प्लॅस्टिकची असते, पुन्हा वितळवता येते आणि तिला भाव आहे. पण आपण तिचा कोपरा पूर्ण कापून टाकतो. तो नखाएवढा तुकडा कुणी वेचत नाही. केरातून गटारात, गटारातून नासर्डी नदीत आणि नासर्डीतून गोदावरीत त्याचा प्रवास होतो. कात्री टोकापर्यंत नेऊच नका, तुकडा लटकता ठेवा, पिशवी विसळून दोरीवर वाळवा. वेफरच्या चंदेरी पाकिटात वेगवेगळे थर चिकटवलेले असतात, भंगारवाला ते घेत नाही. म्हणून ती विकत घेतानाच विचार करावा. दुकानातली गुळगुळीत बिलंही रद्दीत टाकू नका, त्यांवर रसायनाचा थर असतो.

पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल टिंब करा आणि वेगळे द्या. फुटलेली काच जाड कागदात बांधून वर ‘काच’ असं लिहा. इन्सुलिनच्या सुया जाड बाटलीत घाला आणि झाकण लावा. सेल, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं स्वतंत्र डब्यात ठेवा. ट्यूबमध्ये पारा असतो, ती फोडू नका. घंटागाडीवरचा माणूस आपला कचरा हाताने चाळतो. त्याच्या बोटात घुसलेली सुई कुणाच्या तरी घरातलीच असते.

खत तयार झालं की त्याला ओल्या मातीचा वास येतो आणि मूळ भाजी ओळखू येत नाही. ते १५ दिवस सावलीत मुरू द्या, मग चाळा. चाळणीत राहिलेला जाड भाग पुढच्या ड्रमला विरजण म्हणून घाला. बारा इंची कुंडीला महिन्यातून दोन मुठी पुरे.

राहिलं वाळकं साहित्य. पानगळ सुरू झाली की गंगापूर रोड, कॉलेज रोडच्या कडेला पाल्याचे ढीग लागतात आणि त्यातले काही पेटवले जातात, खरं तर कचरा जाळायला बंदी आहे. तोच पाला ड्रमला वर्षभर लागतो. सोसायटीच्या झाडूवाल्या मावशींना आधीच सांगून ठेवा, प्लॅस्टिक वेचून पोत्यात भरून घ्या, पायाने चुरा करा म्हणजे निम्म्या जागेत मावतो. पावसाचं पाणी लागणार नाही अशा जागी, जमिनीपासून वीटभर उंच ठेवा. एका घराला अशी तीन-चार दाबून भरलेली पोती आषाढ-श्रावणापर्यंत सहज जातात.